योनिमार्गाच्या सामूची घरगुती चाचणी

अंगावरून पांढरे जाणे, खाज, जळजळ किंवा दुर्गंधी अशी तक्रार असताना योनिमार्गातील स्रावाची आम्लता रंगपट्टीने घरच्या घरी पाहण्याची पद्धत. सामू म्हणजेच पीएच.

पाळी येत असण्याच्या वयात निरोगी योनिमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो. अस्तराच्या पेशींतील ग्लायकोजेन हे लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणूंचे खाद्य. त्यापासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. दही आंबट होते ते याच आम्लाने. अशा आंबट जागी बहुतेक उपद्रवी जंतूंना बस्तान बसवता येत नाही. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले. सामू एका अंकाने चढला की आम्लता दहापटीने घटलेली असते, त्यामुळे ४.५ आणि ५.५ यांतील अंतर दिसते तेवढे छोटे नाही.

चाचणीसाठी अरुंद पल्ल्याची, साधारण ४ ते ७ दाखवणारी पट्टी लागते. शाळेतला लिटमस इथे कुचकामी. पट्टी किंवा ती बसवलेली कांडी योनीच्या बाजूच्या भिंतीला काही सेकंद टेकवायची आणि लगेच, चांगल्या उजेडात, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. कांडी नळाच्या पाण्यात भिजवली तर पाण्याचाच सामू मोजला जातो. फार आत नेली तर गर्भाशयमुखाचा अल्कधर्मी श्लेष्मा लागतो. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी. म्हणून पाळीत चाचणी करू नये आणि संबंधानंतर किंवा आतून धुतल्यावर किमान ४८ तास थांबावे.

आकडा ४.५ च्या वर गेला तर संशय प्रामुख्याने दोघांवर येतो: जिवाणूंचा समतोल बिघडून होणारा बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा संसर्ग. पहिल्यात पातळ, करडट स्राव आणि माशासारखा वास येतो. पण १९८३ मध्ये अॅम्सेल व सहकाऱ्यांनी त्याच्या निदानासाठी चार निकष सांगितले आणि त्यांतले तीन जुळावेत अशी अट घातली. सामू हा त्यांतला फक्त एक.

चाचणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. कँडिडा बुरशीच्या संसर्गात खाज जीव नकोसा करते, स्राव फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो, तरी सामू बहुधा जागचा हलत नाही. म्हणजे पट्टी बुरशी ओळखत नाही, पण आकडा चढलेला असेल तर दुकानातून बुरशीचे मलम आणण्याआधी थांबायला लावते. अमेरिकेत अशी औषधे स्वतःहून विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. निव्वळ बुरशीचा संसर्ग जेमतेम एक तृतीयांश जणींना होता.

क्लॅमिडिया, गनोरिया, जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस), सिफिलिस किंवा एचआयव्ही असे लैंगिक संसर्ग या चाचणीत कळत नाहीत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटल्याने सामू आपोआप चढतो, तिथे वाढलेला आकडा म्हणजे रोग नव्हे. गरोदरपणी पाण्यासारखे जाऊ लागले, ताप आला किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर पट्टी शोधत बसू नये, दवाखाना गाठावा.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते आणि आधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. प्रयोगशाळा हाताशी नसते तिथे सरकारी कार्यक्रमात लक्षणांवरूनच उपचार होतात. पांढरे जाण्यासाठीच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल अशी दोन्ही औषधे असतात: एक जिवाणू व ट्रायकोमोनाससाठी, दुसरे बुरशीसाठी. पट्टीने ज्यांच्यात फरक करायचा, ते सगळे तिथे एकाच पुडक्यात येतात.