पग लहान आहे, काटक नाही

‘लहान कुत्रं म्हणजे काटक, फ्लॅटमध्ये पग घ्या,’ हा सल्ला पुण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. सोयीचा, हो, काटक, अजिबात नाही. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं. पगच्या नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू लांबून घशात आलेला. हवाच पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांना टेकला की दुपारची फेरी जिवावर बेतू शकते. फिरवणं सकाळी सातच्या आत. धाप थांबेना, जीभ जांभळी पडली, तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

डॅशहुंड या दुसऱ्या छोट्या जातीचं नाक लांब, पण सोफ्यावरच्या उड्यांनी मणक्याची चकती सरकू शकते. काटकच हवं तर गल्लीतलं गावठी पिल्लू बघा. फक्त ते मांडीत मावेल इतकं राहणार नाही!