वायफाय गेलं की मशीनच हँग झालं? ड्रायव्हर आणि फर्मवेअर वेगळे ओळखायचे कसे

व्हिडिओ कॉल चालू होता. समोरचा माणूस बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबला आणि स्पीकरमधून त्याच्या शेवटच्या शब्दाचा तुकडा सारखा वाजायला लागला, ट-ट-ट-ट. माउस हलेना. कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागेना. शेवटी पॉवर बटण दाबून धरलं, आठवड्यात तिसऱ्यांदा. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, ‘वायफायचा ड्रायव्हर गंडलाय, नवा टाका.’ टाकला. हँग होणं थांबलं, पण आता वायफाय दिवसातून चार-पाच वेळा गायब व्हायचं आणि दहा-बारा सेकंदांनी आपलं आपण परत यायचं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच उत्तर: ‘ड्रायव्हर.’

दुसऱ्या वेळी ते उत्तर चुकीचं होतं. पहिलं दुखणं ड्रायव्हरचं होतं, दुसरं फर्मवेअरचं. दोन्हींना सरसकट ‘ड्रायव्हर क्रॅश’ म्हणतात आणि दोन्हींवर एकच उपाय सांगतात. म्हणून लोक महिनोन् महिने भलत्याच जागी औषध लावत बसतात. दोन्ही सॉफ्टवेअरच आहेत, पण ती चालतात वेगवेगळ्या ठिकाणी, आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

वायफाय कार्ड म्हणजे नुसता अँटेना जोडलेला तुकडा नसतो. तो एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, आणि त्यावर चालणारा स्वतःचा प्रोग्राम असतो. तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. रेडिओ कधी चालू करायचा, राउटरला पोच कधी द्यायची, पॅकेट हरवलं तर पुन्हा कधी पाठवायचं, अशी मायक्रोसेकंदांच्या हिशोबातली कामं तो करतो. २०१७ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या गॅल बेनियामिनी यांनी फोनमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपवर, निव्वळ हवेतून पाठवलेल्या पॅकेटांच्या जोरावर, आपला कोड चालवून दाखवला. त्या चिपमध्ये एआरएमचा कॉर्टेक्स-आर४ प्रोसेसर होता. फोनच्या मुख्य प्रोसेसरला हात न लावता कार्डाच्या आतच हे घडू शकलं, कारण तिथे खरोखरच एक वेगळं मशीन चालू असतं.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कार्डाशी बोलू देणारा प्रोग्राम. तो मात्र तुमच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, तोही कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. ब्राउझर बिघडला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला एकट्याला बंद करते, कारण त्याच्याभोवती भिंत असते. कर्नलमधल्या ड्रायव्हरभोवती अशी भिंत नसते. मेमरी, डिस्क, कीबोर्ड सांभाळणाऱ्या कोडच्या मांडीला मांडी लावून तो बसलेला असतो. त्याने चुकीच्या पत्त्यावर एक बाइट लिहिला, तर तो बाइट कोणाचाही असू शकतो.

ड्रायव्हर मशीनला कसा गोठवतो, ते जरा जवळून बघू. कार्डाकडे पॅकेट येतं आणि कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा. हातातलं काम टाकून प्रोसेसर ड्रायव्हरच्या इंटरप्ट रूटीनमध्ये शिरतो. ते रूटीन अगदी थोडक्यात आटोपायचं आणि उरलेलं काम विंडोजमध्ये ज्याला डीपीसी (डिफर्ड प्रोसीजर कॉल, म्हणजे जरा मागे ठेवलेलं काम) म्हणतात त्यावर सोपवायचं, अशी पद्धत आहे. एका डीपीसीने १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, असं मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगणं आहे. कारण डीपीसी चालू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर (काम करणाऱ्या एका भागावर) दुसरं कुठलंही साधं काम चालू शकत नाही. आता समजा, ड्रायव्हरने इथे एक लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेतलं आणि कार्डाच्या उत्तराची वाट बघत तो फेऱ्या मारत बसला. तेच लॉक हवं असलेला दुसरा कोअरही येऊन अडकला. मग तिसरा. हा आपला ‘हँग’. साउंड कार्ड मात्र मेमरीतला आवाजाचा छोटा बफर प्रोसेसरच्या मदतीशिवाय वाचत राहतं. त्यात नवा आवाज भरणारं कोणी उरलेलं नसतं, म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. ट-ट-ट-ट ऐकू आलं आणि कॅप्स लॉकचा दिवाही प्रतिसाद देत नसेल, तर कर्नल अडकला आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. (दिवा लागतो-विझतो आणि फक्त चित्र थिजलंय, असं असेल तर आधी ग्राफिक्सकडे बघा. वायफायला उगाच दोष देऊ नका.)

नशीब बरं असेल तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या कामावर नजर ठेवणारी यंत्रणा, जागा होतो. विंडोजमध्ये मग ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ अशी निळी स्क्रीन येते. ड्रायव्हरने नको त्या मेमरीला हात लावला असेल तर ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ दिसतं. लिनक्समध्ये एखादा कोअर वीसेक सेकंद अडकून पडला की ‘सॉफ्ट लॉकअप’चा संदेश येतो. निळ्या स्क्रीनचा लोकांना राग येतो, पण मला ती गोठलेल्या मशीनपेक्षा कितीतरी बरी वाटते. बिघडलेला कर्नल तसाच चालू ठेवून तुमच्या फाइलींची वाट लावण्यापेक्षा सिस्टिम जाणूनबुजून थांबते, आणि जाता जाता पुरावाही ठेवते.

फर्मवेअर कोसळतं तेव्हा चित्र अगदी वेगळं असतं. कोसळतं ते कार्डाच्या आतलं मशीन. तुमचं मशीन शाबूत असतं, माउस हलतो, गाणं चालू राहतं. कार्ड आज्ञांना उत्तर देत नाही, हे ड्रायव्हरच्या लक्षात येतं. तो कार्ड रीसेट करतो, फर्मवेअरची फाइल पुन्हा त्यात भरतो आणि राउटरशी नव्याने जोडणी करतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की वायफायचं चिन्ह गेलं आणि थोड्या वेळाने परत आलं. माझ्या दुसऱ्या दुखण्यात नेमकं हेच होत होतं. खरं तर तिथे ड्रायव्हर आपलं काम चोख करत होता, आणि बोल त्यालाच लागत होता.

नोंदींमध्येही हा फरक स्वच्छ दिसतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. एनडीआयएसकडून (विंडोजच्या नेटवर्क ड्रायव्हर सांभाळणाऱ्या भागाकडून) आलेली १०४०० क्रमांकाची नोंद दिसली, तर नेटवर्क इंटरफेस रीसेट होतोय असा तिचा अर्थ. तिच्यात कारणही लिहिलेलं असतं, आणि हार्डवेअर आज्ञांना प्रतिसाद देत नाही असं ते कारण असेल तर बोट कार्डाच्या आत दाखवलेलं आहे. कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद मात्र एवढंच सांगते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पॉवर बटण दाबून धरलंत तरी ती येते. तिला निदान समजू नका. लिनक्समध्ये मागच्या बूटचा कर्नल लॉग जर्नलसीटीएल या आज्ञेने काढता येतो. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर तिथे ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ असं लिहितो, आणि ॲथेरॉस घराण्याचा एटीएच१०के सरळ ‘फर्मवेअर क्रॅश्ड’ म्हणतो. याउलट, लॉग एका वाक्याच्या मध्येच तुटलाय आणि पुढची ओळ थेट नव्या बूटची आहे, असं दिसलं तर मशीन जागच्या जागी अडकलं होतं. शेवटची ओळ लिहायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

मग गोंधळ होतो कुठे? एक म्हणजे डाउनलोडमध्ये. विंडोजवर वायफायचं जे पॅकेज ‘ड्रायव्हर’ म्हणून उतरवता, त्यात बहुतेक वेळा फर्मवेअरही असतं. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर ते कार्डाच्या मेमरीत भरतो. म्हणजे ‘ड्रायव्हर अपडेट’ करताना दोन्ही गोष्टी एकदम बदलतात, आणि फरक कशाने पडला ते कळायला मार्ग राहत नाही. लिनक्सवर दोन्ही वेगळे येतात: ड्रायव्हर कर्नलसोबत आणि फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर नावाच्या पॅकेजमधून. इंटेलचा ड्रायव्हर आपल्याला समजणाऱ्यांपैकी सगळ्यात वरच्या क्रमांकाची फाइल शोधतो आणि ती नसेल तर खालच्या क्रमांकावर येतो. त्यामुळे जुन्या कर्नलवर अगदी ताजी फाइल आणून ठेवली तरी तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ‘नवं फर्मवेअर टाकलं, तरी काही फरक नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरा गोंधळ जास्त खोल आहे, कारण तिथे सीमारेषाच पुसट होते. वीज वाचवण्यासाठी कार्ड आणि मशीन यांच्यातली पीसीआय एक्सप्रेसची जोडणी अधूनमधून झोपवली जाते. या व्यवस्थेला एएसपीएम म्हणतात. काही कार्डं गाढ झोपेतून वेळेवर उठत नाहीत. ड्रायव्हर कार्डातलं एखादं रजिस्टर (आकडा ठेवायची छोटी जागा) वाचायला जातो आणि पलीकडे कोणीच नसतं. अशा वेळी सहसा सगळे बिट एक असलेला आकडा हाती येतो. चांगला ड्रायव्हर तो बघून ओळखतो की कार्ड जागेवर नाही, आणि मागे हटतो. कच्चा ड्रायव्हर तो आकडा खरा मानून पुढे जातो, किंवा तो बदलेल म्हणून वाट बघत बसतो. काही मशीनवर तर ते वाचनच पूर्ण होत नाही आणि प्रोसेसर तिथेच थबकतो. सुरुवात कार्डाने केली, पण मशीन घेऊन बुडाला ड्रायव्हर. अशा वेळी मी दोष ड्रायव्हरलाच देईन. हार्डवेअर कधीतरी दगा देणारच हे धरून चालणं त्याच्या कामाचाच भाग आहे.

उपायांकडे येऊ. मशीनच गोठत असेल, तर पहिला प्रश्न: हे कधीपासून होतंय, आणि त्याच्या आसपास ड्रायव्हर बदलला होता का? विंडोज अपडेट तो न विचारताही बदलतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून बघा. ते बटण फिकट असेल तर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून जुनी आवृत्ती घ्या. सगळ्यात नवी तीच सगळ्यात चांगली, असं इथे नसतं. निळी स्क्रीन येत असेल तर विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये कोसळण्याच्या क्षणाच्या नोंदी, म्हणजे डंप, फाइलींच्या रूपात साठतात. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबग या फुकट साधनात त्या उघडल्या की संशयित ड्रायव्हरचं नाव दिसतं. एका डंपवर मात्र विश्वास ठेवू नका. दुसऱ्याच कोणीतरी मेमरी खराब केलेली असते आणि तिच्यावर पाय पडलेला वायफायचा ड्रायव्हर पकडला जातो. तीन डंपमध्ये तेच नाव आलं तर तो दोषी. तिन्हींत वेगळी नावं आली तर वायफाय सोडा आणि रॅम तपासा.

फक्त वायफाय पडून परत येत असेल, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात अर्थ नाही. आधी वीज वाचवणं बंद करा. डिव्हाइस मॅनेजरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण असते, ती काढा. लिनक्सवर आयडब्ल्यू आज्ञेने पॉवर सेव्ह बंद करता येतं, आणि काही ड्रायव्हरांना एएसपीएम बंद करण्याचा पर्यायही असतो. तरीही थांबलं नाही तर फर्मवेअरची दुसरी आवृत्ती आणि बायोसचं (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट बघा.

बंद करून चालू करण्यातही दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि हे फार थोडे लोक सांगतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल खऱ्या अर्थाने बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. म्हणजे ड्रायव्हर खरोखर नव्याने सुरू करायचा असेल तर ‘रीस्टार्ट’ द्यायला हवं. पण रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटेलच असं नाही, आणि अडकलेलं कार्ड तसंच अडकलेलं राहू शकतं. कार्डासाठी शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ‘बंद-चालू करून झालं, काही उपयोग नाही’ असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो, नेमकं कोणतं बंद-चालू?

एवढं करूनही संशय राहिला तर वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा बायोसमधून पूर्ण बंद करा आणि दोन-तीन दिवस केबलवर काम करा. तरीही मशीन गोठलं तर वायफाय निर्दोष आहे. नाही गोठलं, आणि कुठल्याच आवृत्तीने गुणही येत नाही, तर कार्ड बदला. तिथेही एक सावधगिरी: इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जवळपास सारखीच, पण एएक्स२०० स्वतंत्र कार्ड आहे आणि एएक्स२०१ चं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं. तसा चिपसेट नसेल तर एएक्स२०१ बसेल, पण मशीनला ते दिसणारच नाही.