घरगुती बिअरनिर्मिती, गोव्यातील

स्वयंपाकघरातल्या भांड्यांत एका वेळी चार-पाच लिटर, घरापुरती बिअर आंबवण्याची पद्धत. माल्ट केलेले (मोड आणून वाळवलेले) सातू म्हणजे बार्ली, हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट, सुवासिक फुले, पाणी आणि यीस्ट हे घटक जगभर तेच आहेत, कृतीही तीच. गोव्यात वेगळी आहे ती हवा. थंड देशांत बेतलेली कृती पणजीत किंवा फोंड्यात जशीच्या तशी केली, तर बिअर बिघडते ती बहुधा उष्म्याने. म्हणून या नोंदीत उष्म्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आंबवण्याची कला गोव्याला नवी नाही. रेंदेर माडावरून सूर, म्हणजे माडी, उतरवतो, ती तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांच्या पिठात पडते, तिचेच व्हिनेगर होते. काजूच्या हंगामात बोंडूंचा रस आंबवून भाटीवर, म्हणजे भट्टीवर, पहिल्या धारेची हुर्राक आणि पुढे फेणी काढतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सुरेत आणि बोंडूच्या रसात साखर आयती असते आणि हवेतले, भांड्यातले यीस्ट ती आपणहून आंबवते. सातूत साखर नसते, स्टार्च असतो. धान्य मोड आणून वाळवले, म्हणजे माल्ट केले, की त्यात स्टार्च तोडणारी विकरे तयार होतात; मग कोमट-गरम पाण्यात ती कामाला लावावी लागतात. शिवाय सूर त्याच दिवशी पिऊन संपते, बिअरला महिनाभर टिकायचे असते. सुरेच्या मडक्याला चालून जाणारी अस्वच्छता बिअरला चालत नाही, ती यामुळे. बिअर ऊर्ध्वपातित होत नाही, हाही मोठा फरक. सातूच्या आंबवणात मिथेनॉल नगण्य असते, त्यामुळे विषारी दारूची भीती इथे लागू पडत नाही. मात्र बिघडलेली बिअर घरच्या घरी भट्टीला लावण्याचा विचार कोणीही करू नये.

कायद्याची बाजू आधी पाहावी. मद्य हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि गोव्यात मद्यनिर्मिती १९६४ च्या अबकारी कर कायद्याखाली येते. त्यासाठी परवाना लागतो. काजूच्या भाट्यांचे विभागसुद्धा अबकारी खाते दरवर्षी लिलावात देते. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली आणि अमेरिकेने १९७८ मध्ये तसा कायदा केला, पण ती सूट तिथली आहे. ‘विकत नाही, घरीच पितो’ एवढ्यावर इथे विसंबू नये. सुरुवात करण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

साडेचार लिटर बिअरसाठी एक किलो फिकट माल्ट पुरते. दाणे भरडलेले हवेत, पीठ नको: दाणा फुटावा पण टरफल शक्यतो अखंड राहावे. दहा-बारा लिटरच्या टोपात सुमारे आठ लिटर पाणी ७० अंश सेल्सिअसला आणावे, मलमलीच्या मोठ्या पिशवीत भरड घालून ती पाण्यात सोडावी आणि तासभर ६५ ते ६८ अंशांवर ठेवावी. टोप जाड चादरीत गुंडाळला तर गॅस फारसा लावावा लागत नाही. ६५ च्या जवळ राहिले तर बिअर हलकी, कोरडी होते. ६८ च्या वर गेले तर जिभेवर भरीव लागते. पिशवी उचलून निथळली की उरते ते गोड पाणी, म्हणजे वर्ट. एक किलो धान्य सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवते आणि घरच्या शेगडीवर तासाभराच्या उकळीत दोन-अडीच लिटर वाफ होऊन जाते, म्हणून सुरुवातीला आठ लिटर. उकळी फुटताच दहा टक्के अल्फा आम्ल (हॉप्समधला कडू घटक) असलेले सहा ग्रॅम हॉप्स घालावेत. कडवटपणा त्यांतून येतो. गंधासाठी आणखी पाच-सात ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत घालावेत. झाकण उघडेच ठेवावे, कारण माल्टमधून निघणारा शिजलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायला हवा.

उकळी थांबली, की गोव्यातला खरा प्रश्न समोर येतो. वर्ट लवकर थंड करून त्यात यीस्ट टाकायचे असते, पण नळाचे पाणीच वर्षातला बराच काळ २७-२८ अंशांवर असते; त्याने वर्ट २० अंशांवर येणे शक्यच नाही. आधी टोप नळाच्या पाण्यात ठेवून पस्तिशीपर्यंत आणावा आणि मग पाणी बदलून बर्फाच्या टपात बसवावा. पाच लिटरांना हे जमते. वीस लिटरांना बर्फाच्या लाद्या लागतील. गोव्यात लहान घाण्यानेच सुरुवात करावी, याचे सर्वांत सबळ कारण हे आहे. पैसे आणि जागा यांचे कारण त्यानंतरचे.

यीस्ट टाकल्यावर दुसरी अडचण. नेहमीच्या एल (ale) जातीच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांवर नीट काम करते. आंबताना ते स्वतःही उष्णता सोडते, त्यामुळे खोलीत २८ असेल तर भांड्यात ३० च्या पुढे जाते. एवढ्या उष्णतेत जड अल्कोहोले बनतात. बिअरला थिनरसारखा झोंबरा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. दिलासा असा, की चव घडते ती मुख्यतः पहिल्या तीन-चार दिवसांत. तेवढे दिवस भांडे थंड राहिले तर पुढचा आठवडा-दीड आठवडा ते खोलीच्या तापमानावर सोडता येते. शेवटी थोडी ऊब मिळालेली यीस्टला मानवतेच. म्हणून ज्यांना चार दिवस राखण करता येईल त्यांनीच सुट्टी बघून सुरुवात करावी. आंबवणाचे भांडे पाण्याच्या टपात ठेवावे, त्याला ओले कापड गुंडाळून टोक पाण्यात सोडावे, पंखा लावावा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टपात बदलाव्यात. टपातले पाणी १८ च्या आसपास राहिले की पुरे.

ओल्या कापडाचा उपाय मात्र बारमाही नाही. माठातले पाणी ज्या दिवसांत गार लागत नाही, त्या दिवसांत तोही चालत नाही, कारण दोन्हीचे तत्त्व एकच आहे. जुलैत हवा दमट असते, कापडातले पाणी उडत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री विशीच्या आसपास उतरतात आणि हवाही कोरडी असते. पहिल्या घाण्यासाठी याहून चांगला काळ नाही. नाताळात लावलेली बिअर जानेवारीच्या शेवटी पिण्याजोगी होते. उरलेल्या वर्षासाठी जुना फ्रिज आणि त्याला जोडलेला तापमान-नियंत्रक, नाहीतर यीस्टच वेगळे, असे दोन मार्ग उरतात. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांत पिढ्यान्पिढ्या जपलेले क्वाइक यीस्ट ३० ते ३८ अंशांवर स्वच्छ आंबते आणि तीन-चार दिवसांत काम उरकते. थंड देशातले यीस्ट गोव्याच्या मे महिन्याला इतके जुळावे, हे आश्चर्य आहे. ते आता वाळवलेल्या पाकिटातही मिळते. माझ्या मते फ्रिज अडवण्यापेक्षा नवख्याने हेच घ्यावे. लागर जातीची, ८ ते १३ अंशांवर आंबणारी बिअर मात्र फ्रिजशिवाय करायला जाऊ नये.

पाकिटातल्या यीस्टमागे मोठे काम आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हानसेन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, तेव्हापासून बिअरची चव हवेत काय आहे यावर अवलंबून राहिली नाही. पाकीट बहुधा ११ ग्रॅमचे, वीस-तेवीस लिटरांसाठी असते. साडेचार लिटरांना अडीच-तीन ग्रॅम पुरे.

साखर किती होती आणि किती उरली ते हायड्रोमीटर सांगतो. वरच्या प्रमाणाने सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०४७ च्या आसपास येते आणि १.०११ वर थांबली तर अल्कोहोल सुमारे ४.७ टक्के. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३० अंशांवर तो दोन-तीन अंक कमी दाखवतो. म्हणजे १.०४५ वाचले तर खरे १.०४७ समजावे. हा फरक न धरल्याने बिअर अजून कच्ची असताना ‘झाली’ असे वाटू शकते.

कच्ची बिअर बाटलीत भरणे हाच या छंदातला खरा धोका. फेस येण्यासाठी बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. ती चमच्याने अंदाजे घालू नये, वजन करून पाण्यात उकळून घालावी. आधीची साखर शिल्लक असली किंवा नवी जास्त झाली तर बाटली फुटते आणि काचा दूरवर उडतात. तीन दिवस लागोपाठ घनता तीच आली तरच भरावी. फेणीच्या किंवा सरबताच्या बाटल्या हा दाब सोसत नाहीत. बिअरच्याच तपकिरी बाटल्या, नवी क्राउन बुचे, नाहीतर सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या घ्याव्यात. पहिल्यांदा प्लास्टिकच्याच बऱ्या, कारण दाबून पाहिले की आत किती वायू झाला ते हाताला कळते. गोव्याच्या उष्म्यात आठवडाभरात पुरेसा वायू भरतो; मग बाटल्या लगेच फ्रिजमध्ये घालाव्यात. हिरवी काच आणि ऊन एकत्र आले तर हॉप्समधून घाणेरडा वास सुटतो.

पावसाळ्यात भरडलेला माल्ट ओल धरतो आणि त्याला पोरकिडे लागतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा, हॉप्स फ्रीझरमध्ये. मार्च ते मे बोंडूंचा वास आला की चिलटेही आली. तीच व्हिनेगर करणारे जिवाणू घेऊन फिरतात आणि उघडे राहिलेले भांडे आंबट करून टाकतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्टशी मिळून औषधासारखी चव देतो. पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवावे.

कोकम, तिरफळ, माडाचा गूळ, उकडे तांदूळ घालून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि गोव्याची स्वतःची बिअर घडायची असेल तर ती यांतूनच घडेल. तांदूळ आधी मऊ शिजवून माल्टात मिसळावेत, एकूण धान्याच्या पाचव्या भागापर्यंत. कोकम आंबवण संपत आल्यावर घालावे. पण दोन-तीन घाणे साधे जमल्याशिवाय यात हात घालू नये, कारण बिघाड यीस्टचा की कोकमाचा हे मग ओळखता येत नाही.

पिशवीत उरलेला चोथा उष्म्यात दिवसभरात आंबतो. त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात द्यावा, गाई तो आवडीने खातात. टोपाच्या तळाचा हॉप्सचा गाळ मात्र त्यात मिसळू नये. तो कुत्र्यांना घातक ठरतो, तेव्हा आवारात उघडा न टाकता खोल खड्ड्यात पुरावा.