संयमी माणसं मोहाशी फारशी झुंजत नाहीत

संयम म्हटला की दातओठ खाऊन मन मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मानसशास्त्रातले प्रयोग जरा बारकाईने पाहिले, तर हे चित्र फार वेळ टिकत नाही.

वॉल्टर मिशेल यांचा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग पुष्कळांच्या कानावर आलेला असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला खोलीत एकटं बसवायचं. साधा खाऊ हवा तर लगेच मिळेल, पण मोठं माणूस परत येईपर्यंत थांबलं तर जास्त आवडीचा मिळेल, अशी अट. कोण थांबलं, कोण नाही, याचीच चर्चा पुढे झाली. खरी गंमत मात्र वेगळ्याच आकड्यांत आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुलं सरासरी जेमतेम १ मिनिट थांबली. दोन्ही नजरेआड ठेवले, तेव्हा ११ मिनिटं! मुलं एकाच बालवाडीतली. बदललं होतं ते फक्त समोरचं टेबल.

जास्त वेळ थांबलेली मुलं काय करत होती? कुणी हातांनी डोळे झाकून घेतले, कुणी टेबलावर डोकं टेकवलं. काही स्वतःशीच बडबडत होती, गाणी म्हणत होती, हातापायांचे खेळ काढत होती. काहींनी तर चक्क झोपायचा प्रयत्न केला. खाऊकडे टक लावून निर्धाराने बसणाऱ्याचं इथे काही खरं नव्हतं.

तरीही संयम म्हणजे मनाची ताकद, आणि ती वापरली की संपते, ही कल्पना मधल्या काळात जोरात होती. रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ताज्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात काही जणांना मुळे खायला लावले आणि मग न सुटणारी कोडी दिली. मुळेवाल्यांनी सुमारे ८ मिनिटांत हात टेकले, बिस्किटं खाल्लेले १९ मिनिटं टिकले. कल्पना पटकन पटण्यासारखी होती, म्हणूनच पसरली असावी. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर, वेगळं काम देऊन, ती तपासली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला.

याउलट विल्हेल्म हॉफमन यांच्या गटाने जर्मनीत २०५ प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा मोबाइलवर विचारलं: आत्ता कशाची इच्छा होतेय, ती दाबताय का? २०१२ साली आलेले निष्कर्ष गमतीचे होते. ज्यांचा स्वतःवरचा ताबा चांगला, त्यांनी मोह जास्त वेळा परतवला असेल असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना मनाशी झगडावं लागल्याचे प्रसंगच कमी होते. मोहाच्या वाटेलाच जायचं नाही, अशी त्यांच्या दिवसाची घडी बसलेली असावी.

मिशेल यांच्या प्रयोगातल्या मुलांचं पुढे काय झालं, यावरून जास्त थांबणारी मुलं पुढे अभ्यासात सरस ठरतात, असं बरंच भविष्य वर्तवलं गेलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. थांबण्याचा काळ आणि पंधराव्या वर्षीची अभ्यासातली गती यांचा संबंध आधीच्या संशोधनात दिसला होता त्याच्या निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळाला.

घराचा संबंध कुठून येतो, याचा एक धागा सेलेस्ट किड यांच्या छोट्या प्रयोगात सापडतो. थांबण्याच्या अशाच परीक्षेसाठी मार्शमॅलो (एक मऊ, गोड खाऊ) पुढे ठेवण्याआधी त्यांनी मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देते म्हणून सांगितलं. १४ मुलांना ते मिळालं. दुसऱ्या १४ जणांना 'अगं, संपलंय' एवढंच ऐकवलं. पहिल्या गटातली ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली, दुसऱ्यातलं फक्त १. नुकतंच ज्याने फसवलं त्याच्या शब्दावर हातचा खाऊ सोडणं उरलेल्या १३ जणांना पटलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.