आतड्यांची पूरके आणि डायलिसिस

आतड्यांतले उपयुक्त जिवाणू वाढावेत म्हणून घ्यायची प्रोबायोटिके, त्या जिवाणूंना पोसणाऱ्या तंतूंची प्रिबायोटिके आणि दोन्ही एकत्र असलेली सिनबायोटिके ही मुख्य पूरके. डायलिसिसवरच्या रुग्णांत त्यांचा विचार होण्यामागे सबळ कारण आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातला युरिया आतड्यात झिरपतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचे अस्तर कमकुवत होते. प्रथिनांच्या विघटनातून इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट ही विषारी द्रव्ये तयार होतात. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहत असल्याने आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस करूनही पुरेशी निघत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या 'सिनर्जी' चाचणीत सिनबायोटिकाने पॅरा-क्रेसिल सल्फेट घटले, इंडॉक्सिल सल्फेटात लक्षणीय फरक पडला नाही. पण ते रुग्ण डायलिसिसवर नव्हते. पूरकांमुळे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही.

कोकणातल्या घरांत प्रश्न याहून साधा असतो: पोट साफ होत नाही. पाणी मोजून, पोटॅशियमसाठी फळे-भाज्या कमी, त्यात फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या आणि लोह, बद्धकोष्ठ ठरलेलाच. मग घरचे मायेने शहाळे सोलतात. पण २५० मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. पेज, ताक, सोलकढी हीसुद्धा दिवसाच्या पाण्याच्या मापातच धरायची. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतले तर आतड्यात गोळा होऊन अडकू शकते. मॅग्नेशियमची रेचके आणि फॉस्फेटचा एनिमा टाळावा, कारण ही द्रव्ये शरीरात साठतात. लॅक्टुलोज हे रेचक सहसा चालते, तेही डॉक्टरांना विचारून.

परसातले करमर, म्हणजे आडवे कापल्यावर चांदणीसारखी चकती निघणारे स्टारफ्रूट, 'पोटाला बरे' म्हणून कधीच देऊ नये. त्यातले कॅराम्बॉक्सिन मेंदूवर परिणाम करते: आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, प्रसंगी मृत्यूही. उचकी लागली तर घरगुती उपाय करत न बसता लगेच इस्पितळ गाठावे.

जुलाबावर मिळणाऱ्या 'सॅकरोमायसिस बोलार्डी' या यीस्टच्या कॅप्सूलचीही अशीच धास्ती बाळगायला हवी. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असलेल्यांना ती देत नाहीत. कॅप्सूल उघडताना उडालेली किंवा हाताला लागलेली पूड कॅथेटरपर्यंत पोचली तर बुरशीचा संसर्ग थेट रक्तात जाऊ शकतो. म्हणून शेजारच्या खाटेवर कॅथेटरवाला रुग्ण असेल, तर त्या खोलीत ती कुणासाठीही उघडू नये.