गडकरींचं इथेनॉल, हायड्रोजन आणि मनसरचा रस्ता: केमिस्ट्रीच्या हिशोबात काय टिकतं

नागपुरात पेट्रोल पंपावर हल्ली एक विषय हमखास निघतो, ऊस-धान्यापासून बनणारं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल. कोणी म्हणतं अ‍ॅव्हरेज पार बसला, कोणी म्हणतं इंजिनाची वाट लागणार, आणि मग बोलणं गडकरींवर येतंच. खरं तर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम पेट्रोलियम मंत्रालयाचा, गडकरी रस्ते वाहतूक मंत्री, पण इथेनॉलची बाजू इतकी वर्षं इतक्या जोरात दुसऱ्या कोणत्याच खासदाराने मांडली नाही. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी बस त्यांनी नागपुरातच रस्त्यावर आणली होती. शेतकरी अन्नदाता आहेच, त्याने ऊर्जादाताही व्हावं आणि तेल आयातीचा पैसा देशात राहावा, हे ते जवळपास प्रत्येक भाषणात सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की आपला खासदार टेक्नॉलॉजीवर एवढं बोलतो तर त्याचा प्रत्येक मुद्दा आपण वेगवेगळा तपासावा, सगळं एकदम बरोबर किंवा सगळं एकदम चूक असं नसतं.

आधी अ‍ॅव्हरेज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश कमी. कारण इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजनच असतो, तो आधीच रेणूत बांधलेला, त्याच्यापासून उष्णता मिळत नाही. आता ई-२० चा, म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल असा हिशोब मांडा, लिटरमागे २९.८ मेगाज्यूल येतात. शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. पण आपण शुद्ध पेट्रोल भरत होतो कुठे? २०२२ च्या जूनमध्येच देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं होतं, त्यामुळे खरी तुलना त्या १० टक्क्यांच्या ई-१० शी करायची आणि तिथे फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघतो. ई-१० वर ५० चा अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर ई-२० वर ४८ देईल. कोणाचा अ‍ॅव्हरेज १५-२० टक्के पडला असेल तर नुसत्या ऊर्जेच्या हिशोबात ते बसत नाही, टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग हेही बघायला हवं. पण उलट बाजूने फरकच पडत नाही असं कोणी सांगत असेल तर तेही खरं नाही. इथेनॉल मिश्रणावरच्या नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच काही जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि दुचाकींसाठी ३-४ टक्के घट लिहिलेली आहे.

जुन्या गाड्यांचा प्रश्न मात्र खराय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, इंधनातच जास्त ऑक्सिजन आलाय हे त्याला कळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर इंधन थोडं वाढवतो. जुन्या गाड्यांतल्या कार्बोरेटरला हे काहीच कळत नाही, त्याचं जेट, म्हणजे इंधनाचं छिद्र, ठरलेल्या मापाचं, त्यामुळे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन गरम चालतं, सकाळी किक जास्त माराव्या लागतात. शिवाय जुने रबरी पाईप आणि गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, कडक होतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांमध्ये मटेरियल ई-२० साठीचं आहे, पण महाल-इतवारीच्या गल्ल्यांत बघा, दहा-बारा वर्षं जुन्या गाड्याच जास्त दिसतात आणि त्यांच्या मालकाला पंपावर सहसा दुसरा पर्याय नाही. इथे मला गडकरींची बाजू कमी पडते असं वाटतं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा गुण, जास्त असतो हे ते सांगतात आणि ते बरोबर आहे, पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला मिळतो, जुन्या स्कूटरला नाही. आणि किंमत? २०२४-२५ मध्ये तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडलं, रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा महाग. ऊर्जा कमी मिळते तर पंपावर टॅक्स कमी करून दर उतरवा ही मागणी नागपूरकराने आपल्या खासदाराकडे करायलाच पाहिजे. ई-२० ला टॅक्समध्ये सवलत द्या हे नीती आयोगानेही सुचवलं होतं.

इथेनॉल कशापासून बनतं यावरही बरंच अवलंबून आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी, हा आकडाही नीती आयोगाच्या त्याच रोडमॅपमधला. विदर्भात बसून हा आकडा वाचला की काळजी वाटते राजेहो.

हायड्रोजनवर थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते, आणि नागपूरच्या सांडपाण्यापासून हायड्रोजन बनवता येईल असं ते अनेकदा बोललेत. पाण्याचा मुद्दा चुकीचा नाही, नागपूर आपलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतंच, आणि एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशोबाने फक्त ९ लिटर पाणी लागतं. खर्च आहे तो पाणी फोडून हायड्रोजन काढायला लागणाऱ्या विजेचा, किलोमागे ५० ते ५५ युनिट. त्या एका किलोवर मिराई साधारण १०० किलोमीटर जाते आणि तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली तर साधी इलेक्ट्रिक कार ३०० किलोमीटर जाईल. म्हणून कारसाठी हायड्रोजन मला पटत नाही. खत आणि स्टीलचे कारखाने, कदाचित लांब पल्ल्याचे ट्रक, तिथे त्याला खरं काम आहे.

आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं ते मला सगळ्यात आवडतं. डिसेंबर २०२४ मध्ये जबलपूरकडे जाणाऱ्या हायवेवर, मनसरजवळ, गडकरींच्या हस्ते बायो-बिटुमेनच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. बिटुमेन म्हणजे डांबर, ते पेट्रोलियमचंच, त्यातला काही भाग इथे लिग्निनने बदलला. झाडाला आणि धानाच्या काडीला ताठ ठेवणारा जो पदार्थ तो लिग्निन, तणसापासून, म्हणजे धानाच्या पेंढ्यापासून, इथेनॉल बनवताना तो मागे उरतो आणि एरवी बरेचदा जाळला जातो. आपल्या मे महिन्यात डांबर मऊ पडतं आणि जड ट्रकच्या चाकांखाली रस्त्याला लांब चऱ्या पडतात, लिग्निन डांबराला कडकपणा देतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते लवकर म्हातारं होण्यालाही थोडा आळा घालतो. जास्त कडक डांबराला थंडीत तडे जायची भीती असते, पण नागपूरला बर्फ पडत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानाचं तणस यात वापरता आलं तर शेतकऱ्याला पैसा, आयातीत बचत आणि पाण्याचा वेगळा खर्च नाही, कारण तणस धानाबरोबर येतंच. फक्त नुसतं उद्घाटन पुरेसं नाही. मनसरच्या त्या पट्ट्यावर आणि शेजारच्या साध्या डांबराच्या पट्ट्यावर दर उन्हाळ्यानंतर चऱ्या किती मिलिमीटर खोल गेल्या ते मोजून आकडे लोकांसमोर ठेवावेत, निदान तीन-चार वर्षं, आणि ते आकडे गडकरींनी स्वतः नागपुरात वाचून दाखवावेत.