घरच्या सगळ्यांसह माल्टा: आधी पासपोर्टवरचं नाव बघा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आजी-आजोबा, मुलगा-सून, कोल्हापूरला दिलेली लेक, जावई आणि नातवंडं असा गोतावळा घेऊन एखाद्या बेटावर आठ-दहा दिवस राहून यावं, अशी चौकशी दिवाळी जवळ आली की सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माणशी किती पडेल?" आमचं उत्तरही ठरलेलं असतं: "आधी सगळ्यांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान पाठवा." यावर काही जण नाराज होतात. साधा दर विचारला तर हे कागद कशाला मागतात, असं त्यांना वाटतं. कशाला मागतो, ते इथे लिहून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडचे जे जे दौरे रखडले, त्यांतले बहुतेक पैशामुळे रखडले नाहीत. एखाद्या कागदावरच्या नावामुळे रखडले.

सीमाभागात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. आपलं नाव मराठी. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला कानडीत. त्यावरून कुणीतरी ते इंग्रजीत उतरवलेलं. ज्ञानेश्वर हे नाव चंदगडकडच्या कागदावर डी-एन-वाय-ए असं सुरू होतं. तेच कानडीवरून उतरलं की जे-एन-ए होतं, कधी जी-एन-ए. विनायक, अशोक, गणेश यांच्या शेवटी कानडी वळणाने एक जादा 'ए' चिकटतो आणि विनायकचा विनायका होतो. आजीच्या नावाला एका कागदावर 'बाई' असते, दुसऱ्यावर नसते. आजोबांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव वरच्याच ओळीत. "अहो, पाटील म्हणजे पाटीलच की, त्यात काय एवढं?" असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. घरात ते खरं आहे. व्हिसाच्या खिडकीवर मात्र आय आणि डबल ई ही दोन वेगळी माणसं ठरतात.

तीन पिढ्या एकत्र निघाल्या की हे जास्त जाचतं. आई-वडिलांचा खर्च बहुधा मुलगा करतो. म्हणजे अर्जाला बँकेचे कागद मुलाचे आणि सोबत नात्याचा पुरावा. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं आणि वडिलांचं नाव छापलेलं असतं. ते आईच्या स्वतःच्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. गेल्या हंगामात खानापूर तालुक्यातलं एक मोठं कुटुंब आलं होतं. तिकिटं त्यांनी घरीच मोबाईलवरून काढली होती, आजीचं नाव आधारवरून घातलेलं. तिकिटावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, मुलाच्या शेवटच्या पानावर तिसरं. तिकीट रद्द झालं, पैसे कापले गेले, पासपोर्ट दुरुस्तीला गेला आणि मे महिन्याचा दौरा ऑक्टोबरवर गेला. आजी म्हणाल्या, "नाव माझंच, आणि मलाच कुणी विचारलं नाही."

म्हणून विनंती एवढीच: आम्ही पाने तपासून होकार देईपर्यंत तिकीट काढू नका. स्वस्त दिसलं म्हणून तर अजिबात नको. व्हॉट्सॲपवर नावं टाइप करून पाठवू नका, फोटोच पाठवा. या तपासणीचे आम्ही थोडे पैसे घेतो, त्यावरूनही बोलणी खातो. दौरा आमच्याकडून ठरला तर ती रक्कम बिलातून वळती होते. आमच्याकडे मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्ही कागद वाचणारी माणसं आहेत. मोठ्या शहरातल्या ऑनलाइन कंपनीला तो जादा 'ए' कुठून आला हे कळत नाही, आम्हाला कळतं.

काही जणांना उगाच धास्ती असते, ती सोडा. जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण 'बेलगाम' आणि नव्यावर 'बेळगावी' असेल तर त्याने काही अडत नाही. शहराचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, एवढाच तो फरक.

माल्टाच का

माल्टा हे भूमध्य समुद्रातलं युरोपीय बेटराष्ट्र, सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. एकाच घरात मुक्काम ठेवून रोज संध्याकाळी परत येता येतं, रोज बॅगा भराव्या लागत नाहीत. माल्टीजबरोबर इंग्रजीही राजभाषा आहे, त्यामुळे औषधाच्या दुकानात आजोबांना खुणा कराव्या लागत नाहीत. इंग्रजांचं राज्य १९६४ पर्यंत होतं, म्हणून गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. प्लग मात्र आपला बसत नाही, चपट्या तीन पिनांचा लागतो. तो आम्ही प्रत्येक कुटुंबाला देतो.

सायप्रसबद्दलही विचारणा होते. बेट छान आहे, पण ते युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. माल्टा २००७ पासून शेंगेनमध्ये आहे. परतताना रोमला दोन दिवस थांबायचं असेल तर त्याच व्हिसावर थांबता येतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, शंका आली तर ४५ पर्यंत जातात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि सत्तरीपुढे त्याचा हप्ता चढतो, हे आधीच हिशेबात धरा. बारा वर्षांवरच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. लेकीचा पत्ता महाराष्ट्रातला आणि तुमचा इकडचा, कर्नाटकातला असेल तर व्हिसाचं केंद्र कोणतं, हा प्रश्न येतो. तो आमच्यावर सोडा, पण पत्ते आधी सांगा. नातवंडं आई-वडिलांपैकी एकाशिवाय जाणार असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागेल. मे महिन्यात जायचं तर दिवाळीतच या. जुलै-ऑगस्ट आम्ही सुचवत नाही, तिथे तेव्हा ऊन आणि गर्दी दोन्ही फार असतात.

राजधानीचं व्हॅलेटा शहर टेकाडावर आहे आणि आडव्या गल्ल्यांना पायऱ्याच पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही बंदराकडून लिफ्टने वर नेतो. ही लिफ्ट ५८ मीटर चढून थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. दुपारी बाराला तिथे तोफ उडते, नातवंडं त्यासाठी वाट बघत बसतात. सेंट जॉन्सच्या कॅथेड्रलमध्ये काराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र आहे, तिथे बसायला जागाही आहे. दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारी घरी विश्रांती, संध्याकाळी समुद्र, असा आमचा बेत असतो. "एवढे पैसे देऊन झोपायचं काय?" असं जावई विचारतात. तिसऱ्या दिवशी तेच आडवे झालेले असतात.

शेजारच्या गोझो बेटावर जायला बोटीने पंचविसेक मिनिटं लागतात. तिथली जगंतीयाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. समुद्रातल्या त्या प्रसिद्ध दगडी कमानीचा फोटो दाखवून "हे दाखवणार ना?" असं अजूनही विचारलं जातं. ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. जुने फोटो मात्र फिरतच आहेत.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतो, भाकरी थापता येते. भाकरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. दुधाचे पदार्थ आणि मटण मात्र युरोपात बाहेरून नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, आणि सांगायला जड जातं, पण बेळगावचा कुंदाही नाही. कढीपत्ताही बॅगेत नको.

पहिल्या भेटीला सगळ्यांचे पासपोर्ट, जुने असतील तर तेही, आणि आजी-आजोबांचे जन्माचे किंवा शाळेचे जे दाखले असतील ते आणा. नातवंडं आली नाहीत तरी चालेल, आजींना मात्र जरूर आणा. कार्यालय तळमजल्यावरच आहे, जिना चढावा लागत नाही.